जुना लेथ घेताना आणि घरी उभा करताना

जुना लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूल या कापणाऱ्या हत्याराने तो कातणारे यंत्र, विकत घेऊ पाहणाऱ्याने यंत्रे पाहायला निघण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी, ती म्हणजे या यंत्राची कोणती झीज घरी भरून काढता येते आणि कोणती येत नाही. लेथ हे आपले बरेचसे सुटे भाग स्वतःच घडवू शकणारे यंत्र आहे. टूल आडवे पुढेमागे नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचा नट झिजला असेल तर नवा नट त्याच लेथवर कातता येतो. हँडल, डायल, बोल्ट, बुश, टूल पोस्टचे तुकडे हेही तिथेच तयार होतात. बेड, म्हणजे यंत्राचा लांब पाया, खोल झिजला असेल किंवा काम फिरवणाऱ्या हेडस्टॉकच्या ओतीव भागाला तडा गेला असेल तर मात्र घरगुती वर्कशॉपमध्ये त्यावर इलाज नाही. बेड ग्राइंडिंगला पाठवता येतो, पण त्यानंतर बेडवर टूल घेऊन सरकणारे सॅडल, त्याच्या पुढचे एप्रन आणि आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब लीड स्क्रू यांची उंची पुन्हा जुळवावी लागते आणि सगळा खर्च अनेकदा यंत्राच्या किमतीपुढे जातो. म्हणून पैसे बेड आणि हेडस्टॉकमधल्या फिरत्या दांड्याचे, म्हणजे स्पिंडलचे, मोजावेत. बाकीचे दोष घासाघीस करण्यापुरते लक्षात ठेवावेत.

आपल्या बाजारात लेथचा आकार बेडच्या लांबीवरून सांगतात: साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. या आकड्याने नवखा माणूस फसतो, कारण हेडस्टॉक आणि समोरच्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक यांनी व्यापलेली जागा वजा केल्यावर दोन सेंटरांमध्ये, म्हणजे काम पेलणाऱ्या दोन टोकदार कांड्यांमध्ये, उरणारे अंतर त्याहून बरेच कमी असते. त्यामुळे विक्रेत्याला दोन सेंटरांमधले अंतर आणि सेंटरची उंची असे दोन वेगळे आकडे विचारावेत. बेडपासून सेंटरची उंची साडेसहा इंच असेल तर बेडवर फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास साधारण तेरा इंच होतो, आणि सॅडलच्या वर त्याहून पुष्कळ कमी. घराच्या गॅरेजसाठी साडेचार फुटी लेथ पुरेसा होतो. सहा फुटी यंत्र मोहात पाडते, पण ते दारातून आत कसे जाईल हा विचार सौदा झाल्यावर करून उपयोग नसतो.

बनावटीविषयी थोडेसे. जुन्या देशी यंत्रांत हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ सर्वांत जास्त दिसतात. ती कंपनी १९४१ साली सुरू झाली आणि तिचे एंटरप्राइज आणि टर्नमास्टर हे लेथ देशभरच्या वर्कशॉपांत पोहोचले. १९५३ साली बेंगळुरूला स्थापन झालेल्या एचएमटीचे लेथ भारी, अचूक आणि वजनदार असतात, पण घरात ठेवण्याजोगे त्यांतले थोडेच. कोइम्बतूरच्या पीएसजीची यंत्रे आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत पुष्कळ गेली. बटाला, लुधियाना आणि राजकोट येथे तयार झालेले, वेग बदलायला पायऱ्यांची कोन पुली असलेले लेथ सर्वांत स्वस्त मिळतात. त्यांच्या ओतकामाचा दर्जा कारखान्यागणिक बदलतो, म्हणून तिथे नावापेक्षा प्रत्यक्ष यंत्र पाहून ठरवावे. मायफोर्ड, साउथ बेंड किंवा कोल्चेस्टर यांसारखे विलायती यंत्र क्वचित समोर येते. ते आले तर आनंद मानावा, पण आटे पाडायला लागणाऱ्या चेंज गिअरचा पूर्ण संच सोबत आहे का ते मोजल्याशिवाय हरखून जाऊ नये.

नागपुरात अशी यंत्रे शोधायची तर हिंगणा आणि बुटीबोरी या दोन्ही एमआयडीसींमधली छोटी जॉबवर्कची वर्कशॉपे हा पहिला ठिकाणा. संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आल्यापासून अनेकांनी जुने लेथ कोपऱ्यात सरकवून ठेवलेले असतात आणि मालकाला ती जागा हवी असते. इतवारीतल्या लोहाओळीत लोखंडाच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी करून ठेवली तर निरोप येतो. सरकारी संस्थांची निकामी यंत्रे एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावात निघतात, पण तिथे माल बहुधा लॉटने घ्यावा लागतो आणि तो चालवून पाहता येत नाही, त्यामुळे पहिल्या खरेदीसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही. हे शहर गिरण्यांचे होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथे सुरू झाली. त्या काळच्या कारखान्यांत छताजवळच्या एकाच लांब शाफ्टवरून चपट्या पट्ट्यांनी सगळी यंत्रे फिरत. कोन पुली आणि चपटा पट्टा असलेला लेथ दिसला आणि त्याची मोटार नंतर जोडलेल्या अँगलच्या चौकटीवर बसलेली असली, तर ते यंत्र त्या पद्धतीचे आहे हे ओळखावे. ते वाईट नसते. पट्टा घसरतो हा त्याचा गुणच आहे, कारण टूल अडकले तर गिअरचे दात तुटण्याआधी पट्टा सुटतो.

पाहणी कशी करावी

पाहायला जाताना चांगला टॉर्च, बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे डायल गेज मॅग्नेटिक स्टँडसह, फट मोजायचे पातळ पात्यांचे फिलर गेज, फूटभर अचूक सरळ पट्टी, चिंधी आणि अर्ध्या मीटरचा लाकडी दांडा सोबत न्यावा. शक्य असल्यास वर्षानुवर्षे लेथवर काम केलेला टर्नर सोबत असावा. माझ्या पहिल्या खरेदीच्या वेळी सोबत आलेल्या वयस्कर टर्नरकाकांनी चकचकीत हिरव्या रंगाकडे पाहणाऱ्या मला एकाच वाक्यात भानावर आणले होते: “रंग काय पाहून राहिले भाऊ, बेडवर नख फिरवून पाहा ना!”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. लेथवरचे बहुतेक काम तुकडा पकडणाऱ्या चकाच्या जवळ होते, म्हणून सॅडल तिथेच सर्वांत जास्त सरकते आणि बेड तिथेच झिजतो. टेलस्टॉकच्या टोकाला, जिथे सॅडल सहसा पोहोचत नाही, तिथला बेड जवळजवळ मूळ उंचीवर राहतो. नख बेडच्या घासलेल्या भागावरून न घासलेल्या पट्टीकडे आडवे नेले की पायरी लागते. नखाला जेमतेम जाणवणारी पायरी चालते. नख अडकून बसत असेल तर पट्टी आणि फिलर गेजने ती मोजावी आणि एक दशांश मिलिमीटरच्या पुढे गेलेली असेल तर नमस्कार करून निघावे. दुसरी चाचणी अशी की सॅडल चकाजवळ आणून त्याच्या गिबचे, म्हणजे सैलपणा काढणाऱ्या पट्टीचे, स्क्रू ते किंचित जड चालेल इतके आवळावेत आणि मग हाताने ते टेलस्टॉककडे नेत जावे. शेवटपर्यंत ते सारखेच चालले तर बेड चांगला. अर्ध्या वाटेत जाम झाले तर झीज किती आहे ते विक्रेत्याने न सांगताच कळते.

चकाखालच्या भागात बेडवर बारीक खड्डे, हॅकसॉच्या खुणा आणि पडलेल्या चकाचे घाव असतात. ते दिसायला वाईट पण कामाला फारसे बाधक नसतात, कारण खड्ड्यात सॅडल बसत नाही. बाधक असतो तो खड्ड्याच्या काठावर वर आलेला धातू, आणि तो तेलदगडाने उतरवता येतो.

स्पिंडलची पाहणी बंद यंत्रावर सुरू करावी. डायल गेजचा स्टँड बेडवर चिकटवून टोक स्पिंडलच्या नाकावर ठेवावे, चकाखाली लाकडी दांडा घालून वर उचलावे आणि काटा किती हलतो ते पाहावे. बुशवर चालणाऱ्या स्पिंडलमध्ये तेलाच्या थरासाठी थोडी जागा असतेच, म्हणून दोन-तीन शतांश मिलिमीटर हालचाल ही चांगली खूण आहे. काटा एक दशांशापर्यंत गेला तर बुश आवळता येतात का ते पाहावे. अनेक जुन्या लेथांत बाहेरून उतरत्या आणि एका बाजूने चिरलेल्या गनमेटलच्या बुश असतात आणि त्या नटाने घट्ट करता येतात. आवळण्याची सोय संपलेली असेल तर नव्या बुशांचा खर्च धरावा. रोलर बेअरिंगच्या स्पिंडलमध्ये कान लावावा. सर्वांत वरच्या वेगावर खरखर किंवा ठराविक अंतराने ठोका ऐकू आला तर बेअरिंग बदलावे लागणार. त्यानंतर स्पिंडलच्या आतला निमुळता मोर्स टेपर बोटाने चाचपावा. आतमध्ये सेंटर फिरून ओरखडे पडलेले असतील तर ते रीमरने साफ होतात, पण किंमत उतरवायला ते पुरेसे कारण आहे.

वेग कमी करून जोर वाढवणारा बॅक गिअर नक्की लावून पाहावा. घट्ट बसलेला चक सोडवण्यासाठी अनेक कारागीर कोन पुलीची पिन आणि बॅक गिअर दोन्ही एकाच वेळी लावून स्पिंडल जाम करतात आणि चकाच्या चावीवर हातोडा मारतात, आणि त्यात दात जातात. दात तुटलेला गिअर ब्रेझिंगने भरून पुन्हा कापलेला असतो तेव्हा पितळी रंगाची रेघ दिसते. असा दुरुस्त केलेला गिअर टिकतो, पण विक्रेत्याने तो आपणहून दाखवला का, यावरून बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरते. ताजा, जाड रंग लावलेल्या यंत्रात हेडस्टॉकच्या पायथ्याशी, सॅडलच्या पंखांवर आणि बेडच्या पायांजवळ तडा किंवा वेल्डिंग आहे का ते चिंधीने पुसून टॉर्चच्या आडव्या प्रकाशात पाहावे.

लीड स्क्रूला धरणारा दोन तुकड्यांचा हाफ नट लावून सॅडल हाताने मागेपुढे ढकलावे. मोठा खेळ असेल तर चुडीचे, म्हणजे आटे पाडण्याचे, काम नीट होणार नाही. लीड स्क्रूचे आटे चकाजवळ पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड दिसत असतील तर फरक डोळ्यांनीच कळतो. क्रॉस स्लाइडच्या हँडलचा बॅकलॅश, म्हणजे मोकळा खेळ, मात्र मनावर घेऊ नये. पाव फेरा मोकळा फिरत असला तरी टूल नेहमी एकाच दिशेने पुढे आणले की माप चुकत नाही, आणि नट बदलणे हे आपल्या हातातले काम आहे.

यंत्र वीजजोडणीवर असेल तर एक काट घेऊन पाहावी. तीसेक मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची कांडी चकात धरून बारीक काट घेतली की आवाज, थरथर आणि पृष्ठभाग या तीन गोष्टी एकदम कळतात. विक्रेता चालवून दाखवायला तयार नसेल तर ते यंत्र भंगार समजून किलोच्या भावानेच बोलणी करावीत. खरे तर भंगाराचा भाव हीच प्रत्येक जुन्या लेथची तळाची किंमत असते, आणि त्याच्या वर आपण जे देतो ते सोबत येणाऱ्या वस्तूंसाठी: तीन आणि चार जबड्यांचे चक, फेस प्लेट, लांब कामाला मध्ये आधार देणारी स्टेडी, टूल पोस्ट, सेंटर, ड्रिल चक आणि चेंज गिअर. हे सगळे नंतर सुटे घ्यायला गेले तर कधीकधी यंत्राइतकाच खर्च येतो. चकाच्या जबड्यांवर १, २, ३ असे आकडे असतात आणि ते त्याच क्रमाने त्याच खाचांत बसायला हवेत. दुसऱ्या चकाचे जबडे कोंबलेले असतील तर तो चक हिशेबातून वगळावा.

घरी आणणे आणि जागा

साडेचार फुटी ओतीव लेथ अर्धा टनाच्या आसपास भरतो. छोट्या हत्तीत तो बसतो, पण चढवायला चेन ब्लॉक किंवा हायड्रा क्रेन लागते. चार हमालांच्या भरवशावर हे काम करू नये. लेथचा भार हेडस्टॉककडे आणि वरच्या अंगाला असतो, म्हणून उचलण्याआधी मोटार काढून ठेवावी, सॅडल आणि टेलस्टॉक शेवटच्या टोकाला सरकवून घट्ट करावेत आणि उचलण्याचा पट्टा बेडच्या आतल्या आडव्या फासळ्यांना अडकवावा. लीड स्क्रूवरून पट्टा गेला तर तो वाकतो, आणि वाकलेला लीड स्क्रू सरळ करणे हे अत्यंत कटकटीचे काम आहे. गॅरेजच्या फरशीवर एक इंची पाइपांचे तुकडे खाली घालून दोन माणसे पहारीने यंत्र सहज सरकवू शकतात.

नागपुरात जमिनीचा विचार वेगळा करावा लागतो. शहराच्या ज्या भागात घर काळ्या मातीवर आहे तिथे जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. वरची पातळ फरशी तिच्यासोबत हलते आणि फरशीवर बोल्टने जखडलेला बेड पिळतो. शक्य असेल तर लेथच्या जागेपुरती काळी माती काढून मुरूम भरावा, तो पाणी मारून ठोकावा आणि वर सळ्या घातलेला काँक्रीटचा जाड ठोकळा ओतावा. तो बाजूच्या फरशीपासून सुटा ठेवला तर आणखी उत्तम. भाड्याच्या घरात हे जमत नसेल तर जाड चॅनेलची कडक चौकट बनवून लेथ तिच्यावर बसवावा, म्हणजे जमीन हलली तरी चौकट आणि बेड एकत्र हलतात.

दुसरा नागपुरी शत्रू म्हणजे कूलर. मे महिन्यात तापमान पंचेचाळीस अंशांकडे गेले की वर्कशॉपमध्ये कूलर लावल्यावाचून उभे राहवत नाही, आणि वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा उघड्या बेडवर एका रात्रीत तांबूस थर चढवते. कूलरचा झोत यंत्राकडे वळवू नये आणि काम संपल्यावर बेड पुसून तेलाचा हात फिरवल्याशिवाय दार बंद करू नये. पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त गंज चढलेला मी पाहिला आहे, आणि त्याचे कारण हेच.

उघडणे, साफ करणे, गंज काढणे

यंत्र चालते आहे तोवर सगळे खोलून जमिनीवर मांडण्याची घाई करू नये. एका वेळी एकच जोड उघडावा: आज कंपाउंड स्लाइड, पुढच्या आठवड्यात क्रॉस स्लाइड, मग एप्रन, आणि हेडस्टॉक सर्वांत शेवटी, तोही गरज असेल तरच. बुश ठीक असलेला स्पिंडल उगाच बाहेर काढला तर वर्षानुवर्षे एकमेकांत बसलेले पृष्ठभाग पुन्हा तसेच बसतील याची खात्री नसते. प्रत्येक पायरीचे मोबाइलवर फोटो काढावेत आणि स्क्रू डब्यांत वेगवेगळे ठेवून चिठ्ठी लावावी.

टेपर पिन काढताना दोन्ही टोकांचा व्यास मोजून बारीक टोकाकडून पंच मारावा; जाड टोकाकडून मारलेली पिन आणखी घट्ट बसते. नट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी त्याचा आटा डावा तर नाही ना, हे तपासावे. ओतीव लोखंडावर सरळ हातोडा मारू नये, मध्ये पितळी पट्टी किंवा लाकूड धरावे. जाम झालेल्या जोडांना आत झिरपणारे तेल देऊन एक रात्र थांबले की निम्मे काम होते. धुण्यासाठी रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालते. पेट्रोल मात्र बंद खोलीत अजिबात वापरू नये.

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. ओला ठेवून स्क्रेपरने काढावा आणि चेहऱ्यावर मास्क असावा. ओतकाम खडबडीत असल्याने कारखान्यात त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून मग रंग दिलेला असतो; ती जिथे सुटली आहे तिथेच काढून नवी भरावी.

गंजासाठी सुट्या भागांना दोन उपाय चांगले. पहिला सायट्रिक अॅसिडचा: लिटरभर पाण्यात पन्नासेक ग्रॅम घालून भाग काही तास बुडवावा, मधूनमधून ब्रश मारावा, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवून तेल लावावे. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासणाऱ्या घरांत यामागचे तत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. लोखंडावर फक्त वेळेचे भान ठेवावे, कारण आम्ल गंज संपला की चांगल्या धातूलाही लागते. दुसरा उपाय विजेचा. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन दर चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घालावा, बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला जोडावे, आणि दोन्ही एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवावेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्यावर, ठिणगीपासून दूर असावा.

बेड आणि स्लाइडचे पृष्ठभाग यांना यांपैकी काहीही लावू नये. तिथे तेल, बारीक तेलदगड आणि जुन्या ब्लेडची धार एवढेच वापरावे. पॉलिश पेपरची खर ओतीव लोखंडाच्या बारीक छिद्रांत अडकून राहते आणि पुढे सॅडलखाली कानशीसारखी काम करते. स्लाइडवर चौकोनी ठिपक्यांची जुनी नक्षी दिसत असेल तर ती स्क्रेपिंगची, म्हणजे पृष्ठभाग हाताने खरवडून बसवल्याची, आहे. तिच्या खळग्यांत तेल राहते, म्हणून ती घासून गुळगुळीत करणे म्हणजे यंत्राचे नुकसान करणे.

तेलाची भोके काडीने मोकळी करावीत. काही ठिकाणी आत समईच्या वातीसारखी लोकरीची वात असते. ती कडक झाली असेल तर बदलावी. त्या भोकांत ग्रीस भरू नये, कारण एकदा ग्रीस गेले की तेलाचा मार्ग बंद होतो. बेडसाठी ६८ ग्रेडचे स्लाइडवे तेल आणि बुशच्या स्पिंडलसाठी ३२ किंवा ४६ ग्रेडचे पातळ तेल, एवढे घरात असले की पुरते.

वीज

जुन्या लेथची मोटार बहुधा थ्री-फेज असते आणि घरी जोडणी सिंगल-फेज. मोटार बदलण्यापेक्षा व्हीएफडी, म्हणजे सिंगल-फेजवरून थ्री-फेज वीज देणारे उपकरण, बसवणे जास्त फायद्याचे, कारण वेग हवा तसा बदलता येतो. त्यासाठी मोटारीची पाटी वाचावी. डेल्टा आणि स्टार या मोटारीच्या तारा जोडण्याच्या दोन पद्धती; तिच्यावर २३० व्होल्टला डेल्टा आणि ४१५ व्होल्टला स्टार असे लिहिलेले असेल, तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या डेल्टात बदलून २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर ती चालते. पाटीवर फक्त ४१५ व्होल्ट डेल्टा असेल तर हा मार्ग बंद आहे. दोन अश्वशक्तीच्या मोटारीला दीड किलोवॉटचा व्हीएफडी जुळतो. व्हीएफडी आणि मोटार यांच्यामध्ये कोणताही स्विच घालू नये. चालू-बंद करण्याचे बटन व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवर जोडावे. फार कमी वेगावर मोटारीचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती लवकर तापते, म्हणून जाड काट घ्यायची असेल तेव्हा व्हीएफडी खाली आणण्याऐवजी बॅक गिअर लावावा.

आता माझी एक चूक सांगतो. चक आट्यांवर बसणाऱ्या लेथवर मी व्हीएफडीचा थांबण्याचा वेळ एक सेकंद ठेवला होता. बटन दाबताच मोटार थांबली, पण जड चक आपल्या वेगाने फिरत राहिला, आट्यांवरून सुटला आणि बेडवर आदळला. बेडवरची ती खूण आजही आहे. असा चक असेल तर थांबण्याचा वेळ पाच-सहा सेकंदांच्या वर ठेवावा आणि चालू यंत्र एकदम उलटे फिरवू नये.

साधा स्टार्टर वापरणाऱ्यांनी तो वीज गेल्यावर आपोआप सुटणारा घ्यावा, नाहीतर गेलेली वीज परतताच लेथ कोणी जवळ नसताना फिरू लागतो. अर्थिंग, पट्ट्यावरचे गार्ड आणि हाताशी मोठे लाल बटन या गोष्टी रंगकामाच्या आधी व्हाव्यात. लेथवर हातमोजे, सैल बाही, गमछा आणि अंगठी चालत नाही, आणि चकाची चावी हातातून सुटण्याआधी चकातून निघालेली असली पाहिजे.

बेडचा पीळ काढणे

यंत्र जागेवर ठेवल्यावर बोल्ट हलके आवळून अचूक लेव्हलने बेड दोन्ही टोकांना आडवा तपासावा. बेड समपातळीत असण्यापेक्षा त्यात पीळ नसणे महत्त्वाचे आहे. जहाजांवरचे लेथ डोलत असूनही सरळ कातत. अचूक लेव्हल महाग असते, पण तिच्याशिवायही एक खात्रीची पद्धत आहे. तीस-चाळीस मिलिमीटर जाडीची कांडी चकाबाहेर दीडशे मिलिमीटर येईल अशी धरावी, टेलस्टॉकचा आधार देऊ नये, मधला भाग थोडा उतरवून दोन्ही टोकांना दोन कॉलर ठेवावेत आणि अत्यंत बारीक काट एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवरून घ्यावी. मग मायक्रोमीटरने दोन्ही मोजावेत. मोकळ्या टोकाचा कॉलर मोठा आला तर त्या टोकाला टूल आपल्याकडे सरकते आहे. टेलस्टॉककडचा, आपल्या बाजूचा पाय शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालून किंचित उचलला की टूल कांडीकडे झुकते. लहान आला तर त्याच टोकाचा मागचा पाय उचलावा. प्रत्येक बदलानंतर नवी काट घेऊन पुन्हा मोजावे. दीडशे मिलिमीटरवर दोन शतांशांचा फरक राहिला तर घरच्या कामासाठी तिथेच थांबावे. टेलस्टॉक या चाचणीनंतरच सेंटरला आणावा. आधी टेलस्टॉक सरकवून चूक झाकली तर ती ड्रिलिंग करताना बाहेर येते.

स्पिंडल नव्याने आवळला असेल तर मधल्या वेगावर तासभर चालवून हेडस्टॉकवर हात ठेवावा. हात ठेवता येत नसेल इतका तापला तर बुश थोडी सैल करावी. हे काम मे महिन्यात करत असाल तर वर्कशॉपमधले लोखंड मुळातच गरम असते हे लक्षात घेऊन टेलस्टॉकला हात लावून तुलना करावी.

आटे पाडताना

जुन्या लेथांचा लीड स्क्रू बहुधा इंचात, चार आटे प्रति इंच असा असतो, आणि आपल्याला लागणारे बोल्ट मेट्रिक. ही अडचण १२७ दातांचा एक गिअर सोडवतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट बरोबर १२७. चार आट्यांच्या लीड स्क्रूवर हवी ती मिलिमीटरची पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, वीसने गुणावी आणि तो आकडा चालक बाजूला, १२७ चालवलेल्या बाजूला असे गुणोत्तर बसवावे: एक मिलिमीटरला २०/१२७, दीड मिलिमीटरला ३०/१२७, दोन मिलिमीटरला ४०/१२७. १२७ दातांचा गिअर बसायला जागा नसेल तर ६३ दातांचा गिअर वापरून इतके जवळचे गुणोत्तर साधते की मीटरभर लांबीत चूक सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास येते. साध्या बोल्टला हे चालते. इंची स्क्रूवर मेट्रिक आटा पाडताना काम पूर्ण होईपर्यंत हाफ नट उघडू नये, टूल मागे घेऊन यंत्र हळूच उलटे फिरवून परत आणावे.

यंत्र इतपत तयार झाले की पहिले काम क्रॉस स्लाइडच्या नव्या नटाचे घ्यावे. जुना नट अजून चालतो आहे तोवरच फॉस्फर ब्राँझचा तुकडा आणून त्यावर तो कातून ठेवावा, कारण जुना पूर्ण गेल्यावर नवा कातायला यंत्र उरत नाही. आणि काळ्या मातीवर घर असेल तर दोन कॉलरची चाचणी वर्षातून दोनदा करावी, एकदा पावसापूर्वी जमीन पूर्ण आकसलेली असताना आणि एकदा दिवाळीच्या सुमारास ती ओल धरून स्थिरावल्यावर. दोन्ही वेळचे आकडे हेडस्टॉकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावेत.